मारायचं की नेऊन सोडायचं? पक्ष्यांच्या जिवावर उठलेल्या बाहेरच्या प्राण्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेटांवरचे उंदीर, मांजरं, हेजहॉग (अंगावर काटे असलेला वीतभर प्राणी), मुंगूस यांचा विषय निघाला की तेच तेच प्रश्न फिरून येतात, कधी रागाने तर कधी खरंच जाणून घ्यायचं म्हणून. सगळे इथे एकत्र केलेत. सोपे आधी घेतलेत, डोकं खाणारे नंतर. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. "बाहेरचा प्राणी" नक्की कोणाला म्हणायचं? स्थलांतर करून आलेले पक्षी पण बाहेरचेच ना?

नाही. स्वतःच्या पायाने, पंखाने किंवा ओंडक्यावर बसून वाहत आलेला बाहेरचा धरत नाहीत. जिथे तो आधी कधीच नव्हता तिथे माणसाने त्याला मुद्दाम किंवा चुकून पोचवला असेल तर तो बाहेरचा. त्यातले सगळेच काही त्रास देत नाहीत, बरेचसे तिथे टिकतच नाहीत. खरी गोची होते बेटांवर, कारण हजारो वर्षं जमिनीवरून चालत येऊन अंडी खाणारं कोणी नव्हतंच, त्यामुळे तिथले पक्षी खुशाल उघड्यावर किंवा बिळात घरटी करतात, काही तर उडायचंच विसरलेत. अशा ठिकाणी एक गाभण उंदरीण जहाजातून उतरली तरी पुरे.

२. ते स्कॉटलंडच्या हेजहॉगचं प्रकरण काय आहे? सगळे तेच उदाहरण का देतात?

कारण "मारा" आणि "नेऊन सोडा" हे दोन्ही पक्ष एकाच ठिकाणी, एकाच प्राण्यावरून इतके उघड उघड भांडलेत असं दुसरं उदाहरण मिळणं कठीण.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला आउटर हेब्रिडीज ही बेटांची रांग आहे. त्यातली साउथ उइस्ट, बेनबेक्युला आणि नॉर्थ उइस्ट ही बेटं समुद्रात भराव टाकून केलेल्या रस्त्यांनी जोडलेली आहेत. किनाऱ्याला शिंपल्यांच्या चुऱ्याची वाळू, तिच्यावर गवत, रानफुलं आणि थोडी शेती, या पट्ट्याला तिकडे मॅखर म्हणतात. तिथे डनलिन, रेडशँक, रिंग्ड प्लोव्हर, पाणलावा, आपल्या टिटवीच्या जातकुळीतला लॅपविंग असे चिखलपाण्यात चरणारे पक्षी मोठ्या संख्येने घरटी करतात, युरोपात अशा जागा फार थोड्या उरल्यात. घरटं म्हणजे काय, टिटवीसारखंच, जमिनीवर एक खळगा आणि त्यात अंडी.

१९७४ मध्ये साउथ उइस्टवर बागेतल्या गोगलगायी खातील म्हणून मोजके हेजहॉग आणून सोडले. बेटावर त्यांना खाणारा कोल्हा नाही, बॅजर नाही, खायला भरपूर, मग ते वाढत वाढत बेनबेक्युला ओलांडून नॉर्थ उइस्टच्या दक्षिण टोकापर्यंत गेले आणि २००० च्या सुमाराला अंदाज पाच हजारांपर्यंत पोचला. १९८३ मध्ये पक्ष्यांची मोजणी झालेली होती. २००० मध्ये परत मोजलं तर हेजहॉग असलेल्या भागात डनलिन आणि रिंग्ड प्लोव्हर निम्म्याहून खाली आलेले. घरट्यांवर नजर ठेवली तेव्हा अंडी फस्त होण्यामागे हेजहॉग हे मोठं कारण निघालं.

२००३ मध्ये स्कॉटिश नॅचरल हेरिटेज या सरकारी संस्थेने पकडून इंजेक्शनने मारायला सुरुवात केली. ब्रिटनमध्ये हेजहॉग म्हणजे गोष्टीच्या पुस्तकातला लाडका प्राणी, त्यामुळे बोंबाबोंब झाली. प्राणिप्रेमी संस्थांनी उइस्ट हेजहॉग रेस्क्यू नावाची आघाडी केली, बेटावरच्या लोकांना "जिवंत आणून द्या, पैसे घ्या" म्हणून सांगितलं आणि हेजहॉग बोटीने मेनलँडवर, म्हणजे स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवर, न्यायला लागले. म्हणजे एकाच बेटावर एकाच मोसमात एक टीम मारायला शोधतेय आणि दुसरी वाचवायला. २००७ मध्ये सरकारी संस्थेने मारणं थांबवलं आणि तीही नेऊन सोडायच्या बाजूला आली.

३. हेजहॉग म्हणजे साळिंदरच ना? एवढासा प्राणी पक्षी कसा मारणार?

साळिंदर वेगळं, तो उंदराच्या कुळातला मोठा प्राणी, हेजहॉग किडे-गांडुळं खाणारा वीतभर जीव. भारतातही त्याचे भाऊबंद आहेत, राजस्थान-गुजरातच्या कोरड्या भागात आणि खाली दक्षिणेत. मोठा पक्षी तो मारत नाही, रात्री हुंगत हुंगत फिरताना अंडी सापडली की खातो. पक्ष्यांचं सगळं वर्ष त्या तीन-चार अंड्यांवर अवलंबून असतं, हे लक्षात घ्या.

४. मग पहिल्याच दिवशी सरळ उचलून मेनलँडवर का नाही सोडले? मारायची घाई काय होती?

सरकारी संस्थेचं म्हणणं असं होतं की नवीन जागी सोडलेला हेजहॉग उपाशी भटकत हळूहळू मरतो, आणि वर तिथल्या हेजहॉगच्या वाट्याचं पण खातो, त्यापेक्षा इंजेक्शन दयाळू. ऐकायला बरोबर वाटतं, पण तेव्हा यामागे या प्राण्यावरचा पुरावा फार कमी होता. मग हेजहॉगचे अभ्यासक ह्यू वॉरविक आणि सहकाऱ्यांनी उइस्टहून नेलेल्या हेजहॉगना रेडिओ टॅग लावून माग काढला. ब्रिस्टल युनिव्हर्सिटीच्या लोकांनीही वेगळा अभ्यास केला. निष्कर्ष साधारण असा की नीट केलं तर बरेचसे जगतात. नीट म्हणजे काय, तर हिवाळी झोपेतून नुकताच उठलेला अशक्त प्राणी न्यायचा नाही, वजन बघायचं, पकडून थेट सोडण्याऐवजी काही दिवस ठेवून खाऊपिऊ घालायचं.

माझं मत विचाराल तर त्या वेळी प्राणिप्रेमी संस्थांची बाजू पुराव्याने जास्त भक्कम ठरली. पण यातून "नेऊन सोडणं नेहमीच बरं" असा अर्थ काढू नका, उइस्टला तीन गोष्टी जुळून आल्या होत्या. हेजहॉग ब्रिटनच्या मेनलँडचा मूळ रहिवासी आहे, मेनलँड बोटीच्या अंतरावर आहे, आणि तिथे त्याची संख्या घटतेय, इतकी की २०२० मध्ये ब्रिटनच्या रेड लिस्टमध्ये तो धोक्यातला म्हणून नोंदला गेला. एका ठिकाणी नकोसा आणि शेजारी हवासा, असं योगायोगानेच होतं.

५. आपल्याकडे सर्पमित्र हेच करतात की! साप पकडून लांब जंगलात सोडतात. मग ते चूक आहे का?

जागा ओळखीची नसली की प्राणी भरकटतो, हे सापांच्या बाबतीतही दिसलंय. म्हणून जाणते सर्पमित्र हल्ली शक्यतो जवळच सोडतात. महाराष्ट्रातलं याहून मोठं उदाहरण जुन्नरचं आहे. २००० नंतरच्या दोन-तीन वर्षांत तिथे उसातले बिबटे धडाधड पकडून लांबच्या जंगलांत सोडले, आणि माणसांवरचे हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अथ्रेया आणि सहकाऱ्यांनी तो अभ्यास मांडलाय. बिबट्या काही बाहेरचा नाही, त्यामुळे तो या पानाचा विषय नाही. पण "उचलला, सोडला, प्रश्न मिटला" असं ज्यांना वाटतं त्यांनी जुन्नर वाचावं. प्राणी गाडीतून उतरल्यावर पुढे काय करतो हे बघायला सहसा कोणी थांबत नाही, आणि फोटोत मात्र पिंजऱ्याचं दार उघडतानाचा क्षण असतो.

६. नेऊन सोडणं कुठे पूर्ण यशस्वी झालंय का, की सगळं अर्धवटच?

झालंय. कॅलिफोर्नियाजवळचं सॅन निकोलस हे अमेरिकन नौदलाच्या ताब्यातलं बेट. तिथल्या भटक्या मांजरांमुळे समुद्रपक्षी आणि एक दुर्मिळ सरडा अडचणीत होते. २००९-१० मध्ये पन्नासहून जास्त मांजरं जिवंत पकडून मेनलँडवरच्या एका बंदिस्त आसऱ्यात नेली, मोजकी मात्र मारावी लागली. २०१२ मध्ये बेट मांजरमुक्त जाहीर झालं. बघा, इथेही मांजरं मोकळी सोडलेली नाहीत, आयुष्यभर सांभाळायची सोय आधी केली आणि मग पकडायला गेले. आकडा लहान होता, पैसा होता, बेटावर येणंजाणं नौदलाच्या हातात होतं.

आकडा मोठा झाला की हे बारगळतं. दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटावर देवमाशांच्या शिकाऱ्यांनी आणलेले रेनडिअर होते, तुडवून तुडवून गवत आणि बिळात घरटी करणाऱ्या पक्ष्यांची जागा नासवत होते. २००१ मध्ये थोडे फॉकलंडला नेले, बाकीचे सहा हजारांहून जास्त २०१३-१४ मध्ये मारले. इतक्या जनावरांना कुठल्या बोटीत घालणार.

७. उंदरांना पण पिंजऱ्यात धरून नेऊन सोडा ना, जीव तो जीवच.

कुठे सोडणार? उंदीर, घुशी कोणाला हव्यात असा देश दाखवा. आणि पिंजऱ्याने शेवटचा उंदीर कधीच हाती लागत नाही. म्हणून बेटांवर हेलिकॉप्टरने विषारी गोळ्या टाकतात, बेटाचा एकही कोपरा न सोडता. साउथ जॉर्जियाने हेच केलं, २०१८ मध्ये ते उंदीरमुक्त जाहीर झालं. दक्षिण अटलांटिकमधल्या गॉफ बेटावर २०२१ मध्ये असंच केलं, तिथे घरातल्यासारखी छोटी उंदरं अल्बट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याची पिल्लं जिवंतपणी कुरतडून खातात, पण काही महिन्यांतच एक उंदीर कॅमेऱ्यात दिसला आणि सगळी मोहीम फुकट गेली.

विषाने मरणं वेदनेचं असतं, रक्त गोठत नाही, दिवसेंदिवस लागतात. हे लपवून "मानवी पद्धतीने नियंत्रण" वगैरे लिहिणाऱ्यांचा मला वैताग येतो. करायचं असेल तर काय करतोय ते नावाने सांगा.

८. मांजरांची नसबंदी करून तिथेच सोडलं तर? कोणालाच मारायला नको.

शहरात ठीक आहे. समुद्रपक्ष्यांच्या बेटावर नाही, कारण नसबंदी केलेलं मांजर पुढे कित्येक वर्षं शिकार करतच राहतं. दक्षिण आफ्रिकेच्या मॅरियन बेटावर १९४९ मध्ये उंदरांसाठी पाच मांजरं नेली. १९७७ पर्यंत ती साधारण ३,४०० झाली आणि वर्षाला साडेचार लाखांच्या आसपास पक्षी मारत होती. मग मांजरांचा विषाणूजन्य रोग सोडला, रात्री बंदुका घेऊन माणसं फिरली, सापळे लावले, आणि १९९१ मध्ये शेवटचं मांजर संपलं. चौदा वर्षं लागली. पहिली पाच नेली नसती तर हे काहीच नव्हतं लागलं, पण तो सल्ला आता कोणाच्या कामाचा नाही.

९. एकाला काढलं की दुसरा वाढतो असं ऐकलंय. मग हा न संपणारा खेळच ना?

अर्धं खरं आहे. मॅरियनवर मांजरं गेली आणि उंदीर राहिले, आता तेच पक्ष्यांना खातायत, त्यामुळे उंदीर काढायची नवी मोहीम आखावी लागतेय. ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी बेटावर २००० च्या सुमाराला मांजरं संपली आणि सशांनी उतारच्या उतार खरवडून काढले. तिथे मांजरं जाणं हे एकटंच कारण नव्हतं, सशांवर सोडलेल्या रोगाचा जोरही कमी झाला होता. मग ससे, उंदीर, घुशी सगळं एकत्र काढलं, कुत्रे लावून उरलेसुरले ससे हुडकले, आणि २०१४ मध्ये बेट मोकळं जाहीर झालं. तेव्हा खेळ संपतो, पण कोण कोणाला खातं याचा हिशोब आधी मांडून सगळ्यांना एका दमात काढलं तरच.

१०. प्राण्यांना हात न लावता पक्षीच सुरक्षित जागी हलवले तर?

न्यूझीलंडने हे सगळ्यात जास्त केलंय. रिचर्ड हेन्री नावाच्या माणसाने १८९० च्या दशकात काकापो आणि किवी होडीने रिझोल्यूशन बेटावर नेले, एकट्याने, वर्षानुवर्षं. काकापो म्हणजे न उडणारा जाडजूड पोपट. मग सशांवर उपाय म्हणून देशात आणलेले स्टोट, म्हणजे मुंगसासारखे लांबट शिकारी, पोहत तिथेही पोचले आणि सगळं गेलं. १९६४ मध्ये बिग साउथ केप बेटावर घुशी शिरल्या, तेव्हा सॅडलबॅक जातीचे ३६ पक्षी घाईने उचलून दुसऱ्या बेटांवर नेले म्हणून ती जात आज आहे. त्याच बेटावरच्या बुश रेनला पण हलवलं होतं, ते नाही वाचले.

म्हणजे पक्षी हलवणं हा जीव वाचवायचा तातडीचा मार्ग आहे, पण जिथे न्यायचे ते बेट आधी कोणीतरी मोकळं केलेलं लागतं, आणि मोकळं करणं म्हणजे परत प्रश्न ७. काकापो १९९५ मध्ये ५१ होते, २०२२ मध्ये अडीचशेच्या वर गेले, ते अशाच झाडून साफ केलेल्या बेटांवर.

११. मुंगूस तर आपला प्राणी, सापापासून वाचवणारा. तो कुठे त्रास देतो?

हा उत्तर भारतातला छोटा मुंगूस, आपल्याकडे बांधावर दिसतो तो मोठा राखाडी वेगळा. १८७२ मध्ये कलकत्त्याहून जमैकाला उसातल्या उंदरांसाठी नेला, तिथून १८८३ मध्ये हवाईला. उंदीर रात्री फिरतात, मुंगूस दिवसा, मग त्याने पक्ष्यांची अंडी खाल्ली यात नवल ते काय. जपानच्या अमामी ओशिमा बेटावर १९७९ मध्ये विषारी सापांवर सोडलेले तीसेक मुंगूस २००० पर्यंत दहा हजारांच्या घरात गेले. २००५ पासून "मंगूज बस्टर्स" नावाची पगारी टीम रोज रानात, हजारो सापळे, वास काढणारे कुत्रे. शेवटचा मुंगूस २०१८ मध्ये मिळाला आणि सरकारने निर्मूलन झालं असं जाहीर केलं २०२४ मध्ये. मधली सहा वर्षं काय केलं? नाहीये ना, हे तपासत बसले. मला या सगळ्या विषयात ही सहा वर्षं सगळ्यात शहाणपणाची वाटतात.

१२. केनियात आपले कावळे मारतायत म्हणे! इथे पितृपक्षात पिंडाला शिवायला कावळा मिळत नाही, परत पाठवा की विमानाने.

हा प्रश्न दर भाद्रपदात येतो आणि दर वेळी हसू येतं, पण उत्तर गंभीर आहे. गावकावळा १८९० च्या दशकात झांझिबारला कचरा साफ करायला म्हणून नेला, तिथून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पसरला. तो छोट्या पक्ष्यांची अंडी-पिल्लं खातो, तिथले देशी पक्षी हुसकतो. २०२४ मध्ये केनिया वाइल्डलाइफ सर्व्हिसने दहा लाख कावळे मारायचं जाहीर केलं, स्टारलिसाइड नावाचं विष वापरून. दहा लाख पक्षी पकडणं, रोग तपासणं, आणणं हे शक्य नाही, आणि कावळा एकदा सापळा बघितला की दुसऱ्यांदा फिरकत नाही. झांझिबारला १९९० च्या दशकात संख्या बरीच खाली आणली होती, मोहीम थांबली, कावळे परत वाढले. आणि तिथेही मूळ अन्न म्हणजे उघडा कचरा, तो तसाच ठेवून नुसतं विष टाकणं मला पटत नाही.

बाकी तुमच्या भागात कावळा दिसत नसेल तर त्याचं कारण मोंबासात नाही.

१३. मी लंडनला असतो, बागेत आपले हिरवे पोपट येतात, घरची आठवण होते. ते पण मारणार का?

इंग्लंडमध्ये २०१० पासून ठरावीक कारणांसाठी त्यांना मारायची सर्वसाधारण परवानगी आहे, पण सरसकट मोहीम नाही, आणि आता हजारो जोड्या झाल्यात, वेळ गेलीय. ते झाडातल्या ढोल्या बळकावतात, बेल्जियममध्ये त्यामुळे नटहॅच पक्ष्यांना जागा कमी पडते असं दिसलं. सेशल्सने मात्र तिथल्या दुर्मिळ काळ्या पोपटाच्या काळजीने आपले पोपट शेकड्यांत होते तेव्हाच संपवले. तुम्ही बघा, आनंद घ्या, फक्त पिंजऱ्यातला नवीन सोडू नका.

१४. भारतात असं कुठे झालंय? की आपण फक्त परदेशाच्या गोष्टी सांगायच्या?

अंदमानजवळच्या नारकोंडम बेटावर. जगात फक्त तिथेच सापडणारा धनेश आहे. पोलिस चौकीसाठी नेलेल्या बकऱ्या सुटल्या, वाढल्या आणि धनेश ज्या झाडांची फळं खातो त्यांची रोपं फस्त करायला लागल्या. पक्षीतज्ज्ञांनी ओरड केली, शेवटी बकऱ्या बेटावरून काढल्या. फारसा गाजावाजा झाला नाही, बकरीसाठी कोणी मोर्चा काढत नाही.

खरं अवघड आहे ते माळावरच्या मोकाट कुत्र्यांचं. माळढोक वर्षाला साधारण एकच अंडं घालतो, तेही जमिनीवर, आणि राजस्थानात कुत्र्यांचा त्रास मोठा आहे. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला तर माळढोक आता जवळपास दिसतच नाही, तिथे कारणं अनेक, एकट्या कुत्र्यावर ढकलता येणार नाही. २०२३ च्या एबीसी (अ‍ॅनिमल बर्थ कंट्रोल, म्हणजे प्राणी जन्मनियंत्रण) नियमांत नसबंदी करून कुत्रं जिथून उचललं तिथेच सोडायचं आहे, म्हणजे ना मारणं ना नेणं. गल्लीसाठी लिहिलेला नियम अंडी असलेल्या माळाला लावला की प्रश्न ८ सारखंच होतं. मला वाटतं अशा मोजक्या जागांपुरतं तरी कुत्री काढून निवाऱ्यात ठेवायची सोय हवी, आणि आजूबाजूच्या गावांतलं मेलेलं जनावर उघड्यावर टाकणं बंद व्हायला हवं.

१५. सरळ सांगा, तुम्ही मारायच्या बाजूचे की न्यायच्या?

शेवटचा प्राणी हाती लागणार असेल त्या बाजूचा. अर्धवट मारणं सगळ्यात वाईट, प्राणी पण मरतात, पक्षी पण जातात, आणि दहा वर्षांनी परत तेवढेच मारावे लागतात. अर्धवट नेण्याचंही तेच. उइस्टवर चार वर्षं भांडण झालं ते कसं काढायचं यावर, पण तीन जोडलेल्या बेटांवरून सगळे कसे काढणार आणि त्यासाठी वर्षानुवर्षं पैसे कोण देणार यावर कमी. हेजहॉग तिथे आजही आहेत. शिवाय आता हेही स्पष्ट आहे की घरट्यांवर गल पक्षी पण डल्ला मारतात आणि शेतीची पद्धत बदलल्याचाही परिणाम होतो.

मोजकी संख्या, जवळ मूळ घर, सांभाळायची सोय, हे तिन्ही असेल तर न्या. नसेल तर मारा, पण पूर्ण. आणि दोन्हीतलं काही पूर्ण करता येणार नसेल तर कुंपण घालून निदान घरट्यांची जागा वाचवा.

१६. बाहेरचा प्राणीच दुर्मिळ असेल तर? त्याला मारून जातच संपली तर?

असे पेच पडलेत. ब्रिटनमध्ये काळा उंदीर जवळजवळ संपलेला, तरी २००२ ते २००४ मध्ये लंडी बेटावरचे काळे आणि तपकिरी दोन्ही उंदीर काढले, कारण मँक्स शिअरवॉटर आणि पफिन पक्ष्यांना तिथे पिल्लं वाढवता येत नव्हती. काहींनी विरोध केला. पण काळा उंदीर जगभर भरपूर आहे, भारतात तर विचारूच नका, त्यामुळे मला तो निर्णय बरोबर वाटतो.

उलटं उदाहरण न्यूझीलंडच्या कावाऊ बेटाचं. तिथे एकोणिसाव्या शतकात शौक म्हणून ऑस्ट्रेलियाहून वॉलबी, म्हणजे छोट्या कांगारूसारखे प्राणी, आणल्या, त्यांनी जंगल खाऊन टाकलं, म्हणून त्या मारत होते. १९६५ मध्ये लक्षात आलं की त्यातली एक जात पार्मा वॉलबी आहे, जी ऑस्ट्रेलियात नामशेष झाली असं सगळे धरून चालले होते. मारणं थांबलं, पकडून ऑस्ट्रेलियाला आणि प्राणिसंग्रहालयांना पाठवायला लागले. दोनच वर्षांत ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या रानात ती जिवंत सापडली, मग कावाऊवरच्या परत नकोशा झाल्या.